तापला की सुटणारा जोड

पहिल्यांदा बंद पडला तो एका टायरच्या दुकानापुढे. खोकला नाही, धाप नाही, धूर नाही. चालता चालता आगीचा बंब एकाएकी गप्प झाला आणि उताराच्या जोरावर दोनशे पावलं सरकत कडेच्या झाडाखाली जाऊन थांबला. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला. आधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग शेजारी बसलेल्या वायरमनकडे.

"दहा वाजून वीस," तो म्हणाला.

वेळ कोणी विचारली नव्हती. पण बंद पडलेल्या गाडीची मिनिटं मोजायची खोड ह्या माणसाला लागली होती, आणि ती का लागली हे वायरमनला चांगलं ठाऊक होतं.

दोघंही अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. एकाने उभा जन्म बंब चालवले, दुसऱ्याने त्यांच्या वायरी जोडल्या. हा बंब तर त्या दोघांहूनही थोरला. लाल रंगाचा, पुढे पितळी घंटा, डोक्यावर लाकडी शिडी. दलात सगळे त्याला म्हातारा म्हणायचे. शेवटची बरीच वर्षं तो केंद्राच्या दाराशी शोभेला उभा होता आणि आता दुसऱ्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या संग्रहालयाने त्याला मागून घेतलं होतं. अंतर अडीचशे किलोमीटर. ट्रकवर चढवून न्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण ड्रायव्हर हटून बसला. "स्वतःच्या चाकांवर जाईल आणि मी नेईन," तो म्हणाला होता. "वाटेत एकदाही बंद न पडता."

ह्या हट्टाला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी लाकडाच्या वखारीला आग लागल्याची वर्दी आली. हाच बंब आणि हाच ड्रायव्हर निघाला आणि वाटेत बंब बंद पडला. अकरा मिनिटं. अकरा मिनिटांनी आपोआप चालू झाला, पण तोवर वखारीचा राखणदार आत अडकून मेला होता. चौकशी बसली. वायरमनने बंब तपासला, अर्धा तास चालवून पाहिला. कुठे तक्रार नाही. वायरिंगमध्ये दोष नाही, असं त्याने लिहून दिलं. मग दोष उरला तो चालवणाऱ्याचा. घाबरला असेल, गडबडीत पेट्रोलचा कॉक बंद केला असेल, असं ठरलं. ड्रायव्हरला बंबावरून काढून पाण्याच्या टँकरवर घातलं आणि कोणा वात्रटाने त्याचं नाव ठेवलं 'अकरा'. ते नाव असं काही चिकटलं की आज सकाळी निघताना नव्या भरतीतला एक जवान अगदी मनापासून म्हणाला, "अकराकाका, जपून न्या हं म्हाताऱ्याला." बिचाऱ्याला ते आडनाव वाटत होतं.

ड्रायव्हर त्याच्याकडे बघून हसला होता. वायरमनला मात्र तेव्हा बुटाची नाडी बांधायचं आठवलं.

"सेल्फ मार," वायरमन आता खाली उतरून म्हणाला. बॉनेट उघडताना त्याच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. सदुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना बंबाच्या पायरीवरून उतरणं म्हणजे शिक्षाच.

इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. त्याने एका प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नव्हता, विजेचा होता. म्हणजे त्याचा होता. प्लगना वीज पुरवणाऱ्या कॉइलला हात लावला तर चटका बसला.

"कॉइल," त्याने निकाल दिला. "तापून बसलीय."

ओला फडका कॉइलवर टाकून दोघं पायरीवर बसले. थर्मासमधला चहा घेतला. टायरवाला येऊन बंबाभोवती एक चक्कर मारून गेला, घंटा वाजवून बघू का म्हणाला, आणि ड्रायव्हरने "नको" म्हटल्यावर हिरमुसला. थोड्या वेळाने सेल्फ मारला तर पहिल्याच दणक्याला इंजिन सुरू झालं.

"चौदा," ड्रायव्हर म्हणाला.

वायरमनने ते न ऐकल्यासारखं केलं. सोबत आणलेली दुसरी कॉइल त्याने बसवली, हात पुसले. तेवढ्यात ड्रायव्हरने अगदी हळू विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशीही कॉइलच गेली असेल का रे?"

"छे! तेव्हा कॉइल नवी होती. मीच बसवली होती."

उत्तर त्याच्या तोंडून इतक्या झटक्यात आलं की त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण होतं ते होतं. आपल्या हातचं काम बिघडतं हे वायरमनने आयुष्यात कबूल केलेलं नव्हतं, बायकोजवळ नाही आणि साहेबाजवळ तर नाहीच. ड्रायव्हरने मान हलवली आणि गिअर टाकला.

दुसऱ्यांदा बंद पडला तो एका शाळेच्या कुंपणाला लागून, भर बारा वाजता. तसाच. गप्पकन. वर्गांच्या खिडक्यांत मुलांची डोकी गोळा झाली, मग एक बाई आल्या आणि डोकी दिसेनाशी झाली. नव्या कॉइलनेही दगा दिला म्हटल्यावर वायरमन पुन्हा बॉनेटखाली शिरला. त्याने कंडेन्सर बदलला. पॉइंट घासले. बॅटरीची टोकं खरवडली. एकेक करून हे सगळं उरकेपर्यंत इंजिन निवलं आणि सेल्फ मारताच शहाण्यासारखं सुरू झालं. नेमकं कशाने, कोणास ठाऊक. डॉक्टरची पायरी चढली की दात दुखायचा थांबतो, त्यातली गत. गार असताना ह्या बिघाडाचा मागमूस नाही आणि गरम असताना तो शोधायला पुरेसा वेळ नाही.

"सोळा," ड्रायव्हर म्हणाला.

"मोजू नकोस रे बाबा!"

"मोजत नाही मी. मोजलं जातं."

वायरमन रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, बोटं काळी झाली होती आणि चष्म्यावर तेलाचा डाग पडला होता, तो पुसावा तर पसरत होता. त्याला वाटलं, कशाला आलो आपण? घरी सावलीत बसलो असतो. संग्रहालय पाचला बंद होतं, अजून शंभरावर किलोमीटर बाकी होते आणि म्हातारा तर ताशी चाळीसच्या वर जायला तयार नव्हता. ड्रायव्हरचं तोंड मात्र सकाळपेक्षा लहान झालं होतं. एकदाही न थांबता न्यायचं होतं त्याला. आता दोनदा थांबून झालं होतं, आणि घाबरून कॉक बंद केला म्हणायला ह्या वेळी तो घाबरलेलाही नव्हता.

निघण्याआधी वायरमनने शेवटचा उपाय केला, जो खरं तर पहिला करायला हवा होता. एका छोट्या बल्बला दोन लांब वायरी जोडल्या. एक टोक कॉइलला लावलं, दुसरं बंबाच्या अंगाला, आणि बल्ब आपल्या मांडीवर घेऊन बसला. कॉइलपर्यंत वीज पोचते तोवर बल्ब पेटलेला राहणार. इंजिन मेलं आणि बल्ब पेटलेलाच असला, तर चोर कॉइलच्या पुढे. बल्बही विझला, तर चोर मागे, वायरीत.

जवळजवळ दीड तास तो त्या बल्बाकडे बघत बसला होता. नातवंडाला झोपवताना बघावं तसा.

पावणेदोनच्या सुमाराला बल्ब विझला. नंतर, श्वासभर अंतराने, इंजिन.

"उतरू नकोस. सेल्फ मारू नकोस. किल्ली चालू ठेव, कशाला हात लावू नकोस," वायरमन ओरडला. बल्बचं टोक घेऊन तो मागे मागे निघाला. फ्यूजशी लावलं, पेटला. किल्लीच्या मागे लावलं, पेटला. मग तो पाय बाहेर आणि डोकं आत असा डॅशबोर्डखाली उताणा पडला आणि वायरींच्या जुडग्याला चाचपत निघाला. इंजिन आणि बसायची जागा ह्यांच्यामध्ये लोखंडी पत्रा असतो. त्या पत्र्याच्या भोकातून वायरी पलीकडे जातात. पत्र्याच्या अलीकडे बल्ब पेटला. पलीकडे नाही. आणि पलीकडे, वीतभर अंतरावर, सायलेन्सरचा तापलेला पाइप जात होता.

"सापडलं का?" ड्रायव्हरने वरून विचारलं.

"थांब."

जुडगं ओढून त्याने चार बोटं अलीकडे घेतलं. वरची पट्टी उन्हात वाळलेल्या सालीसारखी हातात आली. पट्टीच्या आत मेणाचा दोरा होता. दोऱ्याला तीन वेढे, मग एक उलटा फास आणि शेवट आत दडवलेला.

वायरमन तसाच पडून राहिला.

त्याच्या तरुणपणी दलात एक रीत होती. त्याच्या गुरूने, म्हणजे आधीच्या वायरमनने, ती घालून दिली होती. जोड करशील तिथे मेणाच्या दोऱ्याने आपली गाठ मार. प्रत्येकाची गाठ निराळी. "म्हणजे उद्या चुकलं तर शिव्या कोणाला घालायच्या ते शोधत बसायला नको," गुरू म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. गुरूची गाठ दुहेरी होती. तीन वेढे आणि उलटा फास ही गाठ साऱ्या दलात एकाच माणसाची.

दोरा सोडवल्यावर आत जोड दिसला. सोल्डर चकचकीत नव्हतं. राखाडी आणि दाणेदार. कच्चं. नखाने हलवलं तर वायर आतल्या आत डुगडुगली. पलीकडचा पाइप तापला की हा जोड फुगून सुटायचा, निवला की आपला परत टेकायचा.

आणि मग त्याला सगळं आठवलं. आठवायचं नव्हतं, पण आठवलं. वखारीच्या आगीच्या आठवडाभर आधी तो ह्याच जागी पडून वायर बदलत होता. सोल्डरिंगचा काविया नीट तापायच्या आत वर्दीची घंटा झाली, बंब बाहेर काढा म्हणून ओरडा झाला. अर्ध्या तापल्या अवजाराने त्याने जोड कसाबसा चिकटवला, उद्या परत करू म्हणाला आणि वर आपली गाठ मारली. उद्या दुसरंच काम निघालं. नंतर वखारीच्या दिवशी म्हातारा आधीच एका आगीवर दोन तास पंप चालवून आला होता, रसरसलेला. तसाच पुढच्या वर्दीला निघाला. आणि चौकशीच्या दिवशी वायरमनने त्याला सकाळी गार असताना तपासलं. अर्धा तास! अर्ध्या तासात त्या पाइपाची धग जोडापर्यंत पोचतही नसेल. त्यानंतर तर म्हातारा कधी संचलनापलीकडे चाललाच नाही.

बल्ब घेऊन तो सकाळपासून सगळ्या जगावर संशय घेत फिरत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मिस्त्री? अरे, जिवंत आहेस ना?"

"आहे."

"काय निघालं?"

"वायर जळलीय. जुनी झालेली."

"जोड होता का तिथे?"

ड्रायव्हरने हे सहज विचारलं की मुद्दाम, ते वायरमनला खालून कळलं नाही. तिथून फक्त त्याचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले, जणू आज परेड होती.

"नाही," वायरमन म्हणाला. "नुसती वायर."

त्याने जोडासकट बोटभर तुकडा कापला आणि शर्टाच्या खिशात घातला. नवी वायर पितळी स्क्रूने आवळली, पाइपापासून लांब वळवली. पट्टी गुंडाळली. सवयीने हात पिशवीतल्या मेणाच्या दोऱ्याकडे गेला आणि तिथेच थबकला. ह्या जोडाला त्याने गाठ मारली नाही.

बंब सुरू झाला. ह्या वेळी मिनिटं किती झाली ते ड्रायव्हर बोलला नाही. बहुधा वायरमन रागावेल म्हणून.

पुढचे दोन तास म्हातारा इतका गुणी चालला की बघत राहावं. चढ आला, उतार आला, ऊन कलायला लागलं; बल्ब वायरमनच्या मांडीवर एकसारखा पेटलेला. ड्रायव्हरचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. माणूस बोलायला लागला. बोलू नये असं बोलायला लागला.

"खरं सांगू? त्या चौकशीचं मला काही नाही," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "साहेब लोक काय, त्यांना कागद पुरा करायचा असतो. पण त्या संध्याकाळी बायकोने विचारलं. म्हणाली, खरं सांगा, तुमचा हात घाबरला होता का? मी म्हटलं, नाही. बस, एवढंच. परत तिने कधी विचारलं नाही. बावीस वर्षं झाली. पण तिचा विश्वास बसला की नाही, ते मला अजून कळलेलं नाही."

"विचारायचंस की."

"विचारणार होतो. पण मग मलाच वाटायला लागलं... अरे, रोज तेच ऐकलं ना, की माणसाला वाटायला लागतं. असेल, केला असेल मी कॉक बंद. हात गेला असेल. आता तर मला तो कॉक बंद केल्याचं आठवतं सुद्धा! बोटांना आठवतं. रात्री झोपेत बोटं वळतात." त्याने स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून दाखवला आणि परत ठेवला. "त्या राखणदाराच्या घरी मी दरवर्षी जायचो. काही न सांगता बसून यायचो. त्याची म्हातारी चहा द्यायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं, की हाच तो अकरा."

खाई त्याला खवखवे म्हणतात. वायरमनच्या खिशातला बोटभर तुकडा खवखवायला लागला होता. वजन काही नाही, चिमटीएवढं. पण छातीशी तो तापल्यासारखा वाटत होता. त्याने मनाशी हिशेब मांडून पाहिला. आता काय उपयोग? दोघंही निवृत्त. साहेब लोक वर गेले. राखणदार काही परत येत नाही. म्हातारा काचेच्या दालनात उभा राहील, कोणी त्याची वायर उसवून बघणार नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, ठीक आहे, पण चोराला आपण चोर आहोत हे तरी कुठे माहीत होतं? दुपारी पावणेदोनपर्यंत नव्हतं. नंतर मात्र होतं. "नुसती वायर" हे तो पावणेदोननंतर बोलला होता.

संग्रहालय दोन किलोमीटर, अशी पाटी आली. चार वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"थांबव," वायरमन म्हणाला.

"का? बल्ब विझला?"

"नाही. कडेला घे."

ड्रायव्हरने बंब कडेला घेतला, इंजिन चालूच ठेवलं. वायरमनने खिशातून तुकडा काढला, दोऱ्यासकट, आणि ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवला.

"ही माझी गाठ आहे," तो म्हणाला. "जोड होता तिथे. मी केलेला. कच्चा. वखारीच्या आधीच्या आठवड्यात. तापला की सुटतो. त्या दिवशी तू काही बंद केलं नव्हतंस. तुझा हात कुठेही गेला नव्हता. मघाशी तू विचारलंस, तेव्हा मी खोटं बोललो."

ड्रायव्हरने तुकडा उचलून डोळ्यांपासून लांब धरला, मग अजून लांब. जवळचा चष्मा तो घरी विसरला होता. मग त्याने अंगठ्याने चाचपून पाहिलं. तीन वेढे, उलटा फास.

"दुसऱ्या कोणाची असेल?"

"नाही. माझीच."

ड्रायव्हर ओरडेल असं वायरमनला वाटलं होतं. एखादी ठेवून देईल असंही वाटलं होतं, आणि ती बरी पडली असती. ड्रायव्हरने यातलं काहीच केलं नाही. सीटमागच्या पेटीतून त्याने बंबाची जुनी नोंदवही काढली. म्हाताऱ्याबरोबर संग्रहालयात जायची होती ती, कापडी बांधणीची. पान त्याला शोधावं लागलं नाही. चष्मा नसताना त्याने ते उघडलं.

"खाली उतर आणि लिही. वखारीच्या त्या नोंदीच्या खाली."

वायरमनने वही चाकावरच्या पत्र्यावर टेकवून लिहिलं. इंजिनाच्या थरथरीने अक्षर वाकडं येत होतं. लिहून झाल्यावर ड्रायव्हरने हात बाहेर काढून वही घेतली, न वाचता मिटली, शेजारच्या सीटवर ठेवली. गिअर टाकला आणि निघून गेला.

वायरमन हातात पेन घेऊन रस्त्यावर उभा राहिला. अवजारांची पिशवी गेली, पाण्याची बाटली गेली, टोपीही गेली. लाल शिडी वळणाआड दिसेनाशी झाली. दोन किलोमीटर म्हणजे काही फार नाही, पण ते ह्या गुडघ्यांना सांगणार कोण? तो चालायला लागला. मागून एक रिकामा ट्रक आला, ट्रकवाल्याने "बसता का?" म्हणून विचारलं. त्याने नको म्हणून हात हलवला. का हलवला ते त्यालाही सांगता आलं नसतं. ह्या बाबतीत बसून जाणं बरोबर नाही, एवढंच त्याला वाटलं.

संग्रहालयाच्या आवारात पोचला तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि बंबाचा आवाज फाटकापासूनच ऐकू येत होता. दालनाच्या दारात म्हातारा उभा होता, इंजिन चालू. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून ताठ बसला होता आणि खाली संग्रहालयाची नोंदणी करणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुम्ही ह्यांच्याबरोबरचे ना?" ती वायरमनला बघताच म्हणाली. "सांगा हो यांना. अर्ध्या तासावर झालं, बंदच करत नाहीयेत. सगळं दालन धुराने भरलं. मला पाचला कुलूप लावायचंय."

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं.

"सदतीस मिनिटं," तो वायरमनला म्हणाला. "एका जागी उभा. हात लाव, रसरसलाय. आणि बंद पडत नाहीये."

"नाही पडणार," वायरमन म्हणाला.

तेव्हा कुठे ड्रायव्हरने किल्ली फिरवली. एकदम इतकी शांतता झाली की बाईने सुद्धा आवाज खाली आणला. ड्रायव्हर उतरला, दोन पायऱ्यांना दोनदा थांबून. त्याने वही वायरमनच्या पुढे धरली.

"मला दिसत नाही. वाच. ह्यांना ऐकू दे."

वायरमनने वाचलं. आधी वरची, बावीस वर्षांपूर्वीची नोंद, साहेबाच्या ठसठशीत अक्षरातली: वाहन मार्गात अकरा मिनिटे बंद. तपासणीत वाहनात दोष आढळला नाही. कारण, चालकाची हाताळणी. खाली तपासणाऱ्याची, म्हणजे त्याचीच, सही. मग आजची, वाकड्या अक्षरातली: वरील नोंद खोटी आहे. दोष वायरीच्या जोडात होता. जोड मी केला होता, तो कच्चा होता, तापल्यावर सुटत होता. तपासणी मी वाहन गार असताना केली. चालकाची काहीही चूक नव्हती.

बाईला अर्थातच त्यातलं फारसं कळलं नाही. पण कुलपाचं नाव तिने परत काढलं नाही.

"परत वाच," ड्रायव्हर म्हणाला.

वायरमनने परत वाचलं. चालत आल्यामुळे त्याला दम लागत होता. तरी त्याने शेवटपर्यंत वाचलं. आपल्याला माफी मिळेल असं त्याला वाटत नव्हतं आणि ती मागायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं.

ड्रायव्हरने खिशातून मोबाइल काढला. डोळे बारीक करून, हात लांब करून, एकेक आकडा दाबला. फोन कानाला लावला. "मी बोलतोय," म्हणाला. "पोचलो. हो. ऐक, एक मिनिट ऐक फक्त." आणि त्याने फोन वायरमनच्या तोंडापुढे धरला.

"कोण बोलतंय?" पलीकडून त्याच्या बायकोने विचारलं.

वायरमनने आपलं पूर्ण नाव सांगितलं. बिल्ला नंबर सांगितला, सत्तेचाळीस. मग वही डोळ्यांजवळ घेऊन तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.